१२८व्या सभासदाचे शून्य बिल : जावा शिकताना घडलेले एक प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी संध्याकाळी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचा वर्ग घेतो. बी. कॉम. झालेल्या एका विद्यार्थिनीने अभ्यासक्रमाच्या अखेरीस आपल्या गावच्या दूध संस्थेसाठी बिले काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला. तिचे वडील त्याच संस्थेला दूध घालतात, त्यामुळे फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) आणि दरपत्रक हा विषय तिला माझ्यापेक्षा चांगला समजत होता. मला त्यातले जावा समजत होते, निदान तसा माझा समज होता.

संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घेतले जाते. प्रत्येक वेळी सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ यांची एक ओळ फाइलमध्ये पडते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. म्हणजे एका सभासदाच्या एका बिलामागे वीस ओळी असतात. विद्यार्थिनीने प्रोग्रॅममध्ये दोन क्लास, म्हणजे माहितीचे साचे, केले होते, एक सभासदाचा आणि एक दुधाच्या नोंदीचा. दोन्हींमध्ये सभासद क्रमांकासाठी साधा 'इंट', म्हणजे नुसती पूर्णांक संख्या, न घेता तिने ती संख्या पोटात ठेवणारा 'इंटिजर' हा ऑब्जेक्ट घेतला होता. काही ओळींमध्ये क्रमांक राहून जातो, तेव्हा ती जागा रिकामी ठेवता यावी असे तिचे कारण होते आणि ते मला पटले होते. बिल काढताना प्रोग्रॅम एकेक सभासद घेई, त्याच्यासाठी सगळ्या नोंदी चाळी आणि नोंदीतला क्रमांक सभासदाच्या क्रमांकाशी जुळ्या बरोबर चिन्हाने, म्हणजे == ने, ताडून रक्कम वाढवीत जाई. तिने वीस सभासदांच्या नमुना फाइलवर हे तपासले. मग संस्थेची खरी फाइल घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर ११९ सभासदांची बिले काढली आणि ती सचिवांच्या वहीशी पैशापर्यंत जुळली. मी शाबासकी दिली.

पुढच्या दोन महिन्यांत संस्थेत नवे सभासद आले आणि शेवटचा क्रमांक १३१ झाला. त्या दहा दिवसांच्या बिलात १२८, १२९, १३० आणि १३१ या चौघांच्या नावापुढे लिटर शून्य व रक्कम शून्य होती. बाकी सर्वांची बिले अचूक होती. सचिवांनी तिला बोलावून विचारले, "चौघांचं दूध तुझ्या कॉम्प्युटरनं पिलं का काय?"

तिने शोध कसा घेतला, ते सविस्तर सांगायला हवे, कारण तिची पद्धत चांगली होती आणि तरीही ती दोन दिवस चुकीच्या वाटेवर राहिली. पहिला संशय अर्थातच फाइलवर होता. क्रमांकापुढे जादा मोकळी जागा असेल किंवा नव्या ओळी वेगळ्या पद्धतीने भरल्या गेल्या असतील, असे तिला वाटले. तसे काही सापडले नाही. मग तिने एक नेमका प्रयोग केला. दहा वर्षांपासून दूध घालणाऱ्या एका जुन्या सभासदाला फाइलमध्ये तात्पुरता १४० क्रमांक दिला, तर त्याचेही बिल शून्य झाले. उलट १३० क्रमांकाच्या नव्या सभासदाला त्याचा रिकामा झालेला जुना क्रमांक दिला, तर त्याचे बिल व्यवस्थित निघाले. दोष माणसात किंवा ओळीत नसून आकड्यात आहे आणि सीमा १२७ व १२८ यांच्या मध्ये आहे, इतके तिने स्वतःच ठरवले.

इथेच पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणाच्या पाठांतराने घात केला. 'बाइट' या प्रकारात उणे १२८ ते अधिक १२७ एवढ्याच संख्या मावतात, हे तिला पाठ होते. त्यामुळे कुठेतरी क्रमांक बाइटमध्ये कोंबला जात असावा असा निष्कर्ष तिने काढला आणि तो आकडा पाहता कोणालाही तो मोहात पाडील. प्रोग्रॅममध्ये बाइट कुठेच नव्हता, तरी खबरदारी म्हणून तिने इंटिजरच्या जागी त्याहून मोठा 'लाँग' घातला. सीमा जागची हलली नाही. १२७ पर्यंत ठीक आणि १२८ पासून शून्य. लाँगची धाव कोट्यवधींच्या कितीतरी पलीकडे जाते, मग १२८ ला तो का अडावा, या प्रश्नाशी ती थांबली आणि माझ्याकडे आली. तुलनेच्या आधीच्या ओळीत तिने दोन्ही बाजूंचे मूल्य छापून घेतले होते. "सर, दोन्हीकडं १२८च छापतंय, तरी सारखे नाहीत म्हणतंय," ती म्हणाली.

आम्ही जेशेल उघडले. जावाची एकेक ओळ लिहून तिथल्या तिथे उत्तर पाहण्याची ही सोय जावा ९ पासून संचातच येते, पण मी तोवर वर्गात ती कधी वापरली नव्हती. दोन इंटिजर घेऊन दोघांत १२७ ठेवले आणि == ने विचारले, तर उत्तर 'ट्रू' आले. दोघांत १२८ ठेवले, तर 'फॉल्स' आले. तिच्या चेहऱ्यावर हसू आणि वैताग एकदम दिसले, कारण दोन दिवसांचे कोडे चार ओळींत समोर मांडले गेले होते आणि तरीही उलगडले नव्हते.

उलगडा करण्यासाठी मी तिला जावा-पी चालवायला सांगितले. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करतो तो कंपायलर; त्याने बनवलेल्या क्लास फाइलमधल्या सूचना हे साधन माणसाला वाचता येतील अशा रूपात दाखवते. तिथे दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, 'इंटिजर म्हणजे १२८' असे आपण साधेपणाने लिहिलेल्या ओळीत कंपायलरने गुपचूप इंटिजर क्लासच्या 'व्हॅल्यू-ऑफ' या मेथडला, म्हणजे क्लासमधल्या तयार कृतीला, हाक घातली होती. आपण ती कुठेही लिहिली नव्हती. दुसरी गोष्ट तुलनेच्या जागी होती. दोन साध्या इंटची तुलना होते तेव्हा सूचनेच्या नावात 'इफ'नंतर 'आय' हे अक्षर येते आणि इथे त्या जागी 'ए' होता. 'आय' म्हणजे पूर्णांकाची तुलना आणि 'ए' म्हणजे संदर्भाची, म्हणजे दोन व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का एवढ्याचीच. त्या ऑब्जेक्टच्या पोटात काय लिहिले आहे, हे ती सूचना पाहतच नाही. स्क्रीनवर बोट ठेवून ते एक अक्षर दाखवले, तेव्हा जे मी तीन तास फळ्यावर सांगत आलो होतो ते तिला एका क्षणात दिसले.

मग १२७ ला उत्तर बरोबर का येत होते, हा प्रश्न उरतो. साध्या मूल्याला आपोआप ऑब्जेक्टच्या वेष्टनात घालण्याची सोय जावा ५ मध्ये, २००४ साली आली. लहान संख्या प्रोग्रॅममध्ये सारख्या लागतात, म्हणून प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट बनवण्याऐवजी उणे १२८ ते १२७ या संख्यांचे ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवले जातात आणि व्हॅल्यू-ऑफ तेच पुन्हापुन्हा हाती देते. या पट्ट्यातल्या मूल्यांसाठी तसे नेहमीच होईल, असे व्हॅल्यू-ऑफचे अधिकृत माहितीपान सांगते. म्हणून सभासदाकडचा ९२ आणि नोंदीतला ९२ हे वेगवेगळ्या फाइलींतून आलेले असूनही प्रत्यक्षात एकच ऑब्जेक्ट होते. १२८ पासून मात्र प्रत्येक ओळीसाठी नवा ऑब्जेक्ट बनत होता. लाँगच्या वेष्टनालाही असाच, तेवढ्याच लांबीचा साठा आहे, म्हणून तिचा उपाय निष्फळ ठरला. बाइटच्या मर्यादेशी दिसणारे साम्य वरवरचे होते. तिच्या प्रोग्रॅममध्ये काही मावत नाही असे कधी झालेच नव्हते.

चूक तिची म्हणण्यापेक्षा माझी अधिक होती, असे मला वाटते. नावांची तुलना तिने सगळीकडे 'ईक्वल्स' या मेथडने केली होती, कारण स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या मजकुराच्या, धड्यात मी तसा नियम सांगितला होता. पण तो स्ट्रिंगचा एक लहरी स्वभाव आहे, अशा थाटात मी तो सांगितला होता. ऑब्जेक्टचे व्हेरिएबल म्हणजे ऑब्जेक्ट नव्हे, ते त्याच्याकडे जाणारी वाट आहे, आणि 'तोच' व 'तसाच' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मी धड्याच्या केंद्रस्थानी आणले नव्हते. आपल्याकडे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हटले की प्राणी, त्यापासून कुत्रा आणि मांजर अशी वारसाहक्काची वंशावळ फळ्यावर चढते. दूध संस्थेच्या अख्ख्या प्रोग्रॅममध्ये वारसाहक्क एकदाही लागला नाही. ओळखीचा प्रश्न मात्र दर ओळीला होता.

दुरुस्तीचे तीन पर्याय समोर होते. एका परिचित प्रोग्रॅमरने सुचवले की, जावाच्या आभासी यंत्राला, म्हणजे क्लास फाइली चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, सुरू होतानाच एक पर्याय दिला की इंटिजरच्या त्या साठ्याची वरची मर्यादा वाढवता येते. ती हजार करा आणि मोकळे व्हा. हॉटस्पॉट या प्रचलित यंत्रात असा पर्याय आहे हे खरे, पण तो स्वीकारणे म्हणजे १०००व्या सभासदापर्यंत दोष पुरून ठेवणे होते, म्हणून मी तो धुडकावला. दुसरा पर्याय == च्या जागी ईक्वल्स घालण्याचा होता. तिने तिसरा निवडला. क्रमांक ही किल्ली धरून सभासदांचा हॅश-मॅप, म्हणजे किल्ली दिली की थेट सभासद हाती देणारा कोश, बनवला आणि नोंद वाचताच ती थेट त्या सभासदाच्या खात्यात जमा केली. हॅश-मॅप किल्ली शोधताना मूल्याची समानता पाहतो, म्हणून दोष गेला. शिवाय १३१ सभासदांपैकी प्रत्येकासाठी २,६२० नोंदी चाळण्याचा खटाटोपही वाचला. चौघांची थकलेली रक्कम पुढच्या बिलात जमा झाली.

प्रकरण इथे संपले असते, तर ते वर्गात सांगण्यापुरते गमतीचे ठरले असते. पण आठवड्याने तिने फोन करून सांगितले की, आता काही सभासदांना दरच मिळत नाही. झाले होते असे : पैशांच्या आणि फॅटच्या हिशेबासाठी दशांश अदमासे साठवणारा 'डबल' वापरू नये, ते नेमके साठवणारे 'बिग-डेसिमल' वापरावे, हे मी सुरुवातीलाच बजावले होते आणि तिने ते पाळले होते. दरपत्रकातला फॅट आणि नोंदीतला फॅट यांची तुलना ती 'कंपेअर-टू' या मेथडने करीत होती, ती ओळ तिने कुठल्यातरी उदाहरणावरून घेतली होती. १२८ चा धडा मिळाल्यावर तिने सगळ्या प्रोग्रॅममध्ये शुद्धीकरणाची मोहीम काढली आणि जिथे जिथे तुलना दिसली तिथे तिथे ईक्वल्स घातले. बिग-डेसिमलचे ईक्वल्स मात्र मूल्याबरोबर दशांशस्थळेही मोजते. दरपत्रकात ३.५० होते, नोंदींच्या फाइलीत ३.५ होते, आणि त्याच्या दृष्टीने हे दोन भिन्न ऑब्जेक्ट ठरले. कंपेअर-टू त्यांना समान मानते, म्हणून जुनी ओळ बरोबर होती.

मला या दुसऱ्या चुकीचे महत्त्व पहिलीपेक्षा जास्त वाटते. पहिल्या वेळी तिला नियम ठाऊक नव्हता, दुसऱ्या वेळी ठाऊक होता आणि त्यानेच तिला खड्ड्यात घातले. 'तसाच' म्हणजे काय, हे भाषा ठरवत नाही. तो क्लास लिहिणारा माणूस ईक्वल्समध्ये ठरवतो, आणि बिग-डेसिमल लिहिणाऱ्यांनी ३.५ व ३.५० वेगळे मानले. हे समजल्यावर ती स्वतःहून त्या क्लासची अधिकृत माहितीपाने वाचायला बसली. माझ्या वर्गात तोवर ती पाने कोणी उघडलेली मला आठवत नाहीत.

आता संस्थेच्या संगणकाकडे वळू. तोवर बिले तिच्या लॅपटॉपवर निघत होती. सचिवांना ती संस्थेतच हवी होती. तिच्याकडे जावा २१ होते, संस्थेत जावा ८. त्या संगणकावर वजनकाट्याचे जुने सॉफ्टवेअर चालत असल्याने त्यातले जावा बदलायला सचिवांचा ठाम नकार होता आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पेनड्राइव्हवरून नेलेला प्रोग्रॅम तिथे सुरूच झाला नाही. क्लास फाइलची आवृत्ती ६५.० आहे आणि इथले जावा ५२.० पर्यंतच ओळखते, असा लांबलचक संदेश आला.

हा संदेश नवशिक्याला घाबरवतो, पण त्यातला आकडा प्रत्यक्ष पाहता येतो. आम्ही क्लास फाइल सोळाच्या पायात, म्हणजे ० ते ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे घेऊन, आकडे दाखवणाऱ्या साधनाने उघडली. पहिले चार बाइट कोणत्याही जावा क्लासमध्ये तेच असतात आणि सोळाच्या पायात वाचले तर इंग्रजी अक्षरांत 'कॅफे बेब' असे दिसतात. निर्मात्यांची ही खोडी गेली तीस वर्षे प्रत्येक क्लास फाइलबरोबर फिरते आहे. त्यानंतर दोन बाइट उपआवृत्तीचे आणि मग मुख्य आवृत्तीचे ००, ४१. सोळाच्या पायातले ४१ म्हणजे आपले ६५. जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की हा आकडा निघतो : ८ ला ५२, २१ ला ६५. नवे यंत्र जुनी फाइल चालवते, जुने यंत्र नवी फाइल नाकारते. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही सन मायक्रोसिस्टम्सची घोषणा होती आणि १९९६ मध्ये पहिला संच बाहेर आला तेव्हापासून ती ऐकू येते. त्यातल्या 'कुठेही'ला आवृत्तीची अट आहे, हे घोषणेत मावत नव्हते.

तिने कंपायलरला उगमाची आणि लक्ष्याची आवृत्ती ८ सांगणारे दोन पर्याय देऊन क्लास पुन्हा बनवले. काही इशारे देऊन कंपायलरने ते बनवले, संस्थेत प्रोग्रॅम सुरूही झाला आणि पहिली ओळ वाचताच कोसळला. रिकाम्या ओळी वगळण्यासाठी तिने स्ट्रिंगची 'इज-ब्लँक' ही मेथड वापरली होती. ती जावा ११ मध्ये आली. दोन्ही पर्यायांनी भाषा आणि फाइलची आवृत्ती जुनी केली होती, पण कंपायलर ग्रंथालय, म्हणजे जावाबरोबर येणाऱ्या तयार क्लासांचा साठा, मात्र आपल्याजवळचे २१ चेच पाहत होता. जावा ९ पासून असलेला 'रिलीज' हा एकच पर्याय हे तिन्ही एकत्र जुने करतो. तो दिल्यावर इज-ब्लँकची चूक घरीच, कंपाइल करतानाच पकडली गेली. भाषा, ग्रंथालय आणि यंत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला याहून चांगले प्रात्यक्षिक मला सुचले नसते.

शेवटचा अडथळा मराठीचा होता. संस्थेत बिलावर सभासदांच्या नावांऐवजी टोप्या आणि टिंबे चढवलेल्या रोमन अक्षरांची रांग छापली गेली, घरी तीच नावे नीट दिसत होती. नावांची फाइल यूटीएफ-८ या लिपीसंहितेत, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, होती आणि वाचताना तिने फाइल वाचणाऱ्या 'फाइल-रीडर' या क्लासला कोणतीही लिपीसंहिता सांगितली नव्हती. जावा १८ पासून न सांगता यूटीएफ-८ धरले जाते, त्याआधी संगणकाची स्थानिक संहिता धरली जात असे आणि संस्थेच्या विंडोजची संहिता पश्चिम युरोपीय होती. फाइल-रीडरलाच संहिता सांगण्याची सोय जावा ११ मध्ये आली, म्हणून ८ साठी तिला 'इनपुट-स्ट्रीम-रीडर' मधे घालून यूटीएफ-८ स्पष्ट सांगावे लागले. इंग्रजी नावांवर सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला हा दोष कधी भेटतच नाही.

या सगळ्याला महिना लागला. त्यानंतर मी वर्गाचा क्रम बदलला. प्रोग्रॅम लिहिणे, कंपाइल करणे आणि चालवणे एकाच ठिकाणी करून देणारे सॉफ्टवेअर, म्हणजे आयडीई, पहिले दोन आठवडे बंद असते. नोटपॅडमध्ये फाइल लिहायची, कंपायलर हाताने चालवायचा, बनलेला क्लास यंत्राला हाताने द्यायचा आणि एकदा तरी जावा-पीने उघडून पाहायचा. काही पालकांना हे जुनाट वाटते, तशी तक्रारही आली आहे. आयडीईची सोय नाकारण्याचा माझा हट्ट नाही. पण त्यातले हिरवे बटण दाबल्यावर कंपायलर आणि यंत्र हे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम एकामागून एक चालतात, हे ज्याने पाहिलेले नाही त्याला ६५ आणि ५२ चा संदेश समजावून सांगण्याची जागाच सापडत नाही. वारसाहक्काचा धडा मागे गेला आहे आणि 'तोच की तसाच' हा धडा स्ट्रिंगच्याही आधी आला आहे.

विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम संस्थेत चालू आहे. तपासणीसाठीची वीस सभासदांची नमुना फाइल तिने जपून ठेवली आहे, फक्त क्रमांक बदलले आहेत : पहिला सभासद १२७, दुसरा १२८, आणि तिसऱ्याच्या फॅटच्या रकान्यात एका ओळीला ३.५ तर दुसऱ्या ओळीला ३.५०.